कुत्रा खरंच मोजतो का? घरच्या घरी तपासायची रीत

एकतीस वर्षं मी एसटीत माणसं मोजली. गाडी सुटायच्या आधी एकदा, मोठा स्टॉप गेला की पुन्हा एकदा, आणि घाटात चेकिंगवाले उभे असतील या धास्तीनं मधेच कधीतरी. तिकिटं आणि डोकी जुळली नाहीत तर जेवण गोड लागत नसे. त्यामुळे निवृत्तीनंतर पाळलेला आमचा खंड्या, मी तीन बोटं दाखवल्यावर तीनदा भुंकायला लागला, तेव्हा मला नवल वाटलं नाही. कंडक्टरचा कुत्रा, मोजणारच, असं मी छाती फुगवून सगळ्या आळीला सांगत सुटलो.

सत्यनारायणाला आलेल्या पाहुण्यांपुढं त्याचा कार्यक्रम व्हायचा. "खंड्या, दोन आणि दोन?" चार भू. "पाचातून दोन गेले?" तीन भू. लोक प्रसादाचा द्रोण हातात धरून टाळ्या वाजवायचे.

ही हवा माझ्या नातीनं काढली. ती तेव्हा अकरावीत, सायन्सला. तिनं जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर टिकल्या चिकटवल्या, कुठल्यावर दोन, कुठल्यावर पाच. पुठ्ठे पिसले आणि माझ्या पाठीमागे उभी राहून एक एक उचलून खंड्याला दाखवायला लागली. कुठला पुठ्ठा वर आहे ते मला दिसत नव्हतं. पहिला पुठ्ठा दोनाचा होता. खंड्या माझ्या तोंडाकडं बघत भुंकत राहिला. अकरा वेळा भुंकला, मग दमून खाली बसला.

पुढचे दोन दिवस तिनं माझंच निरीक्षण केलं. मला उत्तर माहीत असलं की शेवटच्या भुंकण्याला माझा उजवा हात कोपरापासून जरासा वर जायचा. जन्मभर दोरी ओढून घंटी दिली ना, ती सवय. काम झालं की हात दोरीकडं. खंड्या आकडा मोजत नव्हता, माझी घंटी ऐकत होता.

त्या फजितीनंतर आम्ही दोघांनी रीतसर तपासायला सुरुवात केली. कुत्रा, कोंबड्या, मासे, दारातले कावळे. तीन पावसाळे झाले. ज्यांच्या घरी असलं काही आहे आणि सुट्टीत पोरं मोबाईल सोडत नाहीत, त्यांच्यासाठी ही रीत लिहितो. सामान स्वयंपाकघरात मिळतं. विकत आणावी लागते ती एक वही.

आधी बर्लिनचा घोडा

माझी फजिती नवी नव्हती हे नातीनंच शोधून सांगितलं. बर्लिनमध्ये विल्हेल्म फॉन ओस्टेन नावाचे निवृत्त गणित मास्तर होते. त्यांचा हान्स नावाचा घोडा खूर आपटून बेरजा, वजाबाक्या, अपूर्णांकसुद्धा सोडवायचा. मास्तर बघायचे पैसे घेत नसत. १९०४ मध्ये कार्ल श्टुम्फ या मानसशास्त्रज्ञाच्या पुढाकारानं एक समिती बसली. तिला लबाडी सापडली नाही, कारण लबाडी नव्हतीच. नंतर ऑस्कर फुंग्स्ट या माणसानं चिकाटीनं तपासलं आणि १९०७ मध्ये निष्कर्ष छापला. विचारणाऱ्याला उत्तर माहीत असेल आणि घोड्याला तो दिसत असेल, तरच उत्तर बरोबर येत होतं. माणूस खुराकडं बघायला किंचित पुढं वाकायचा आणि बरोबर आकडा आला की डोकं केसभर वर करायचा. तेवढ्यावर घोडा थांबायचा.

फुंग्स्टला हे कळल्यावरही त्याला स्वतःचं डोकं हलायचं थांबवणं जड गेलं. मला तर हात खिशात घालून बसावं लागायचं.

म्हणून पहिला नियम, आणि यावर मी एकही सवलत देत नाही: जनावराला जो दिसतो त्याला उत्तर माहीत नसावं. बाकी सगळं इकडं तिकडं झालं तरी चालेल. हा नियम मोडला तर वहीतली सगळी पानं फाडायची.

स्वतःपासून सुरुवात करा

जनावराकडं जायच्या आधी एक संध्याकाळ स्वतःवर घालवा, म्हणजे काय शोधायचं ते कळतं. एका ताटात चवळीचे दाणे टाका, वर दुसरं ताट पालथं घाला. घरातल्या कुणीतरी वरचं ताट "एक" म्हणेपर्यंत उघडायचं आणि झाकायचं. तुम्ही किती दाणे होते ते लगेच सांगायचं. दाणे कमीजास्त करत चाळीसपन्नास वेळा करा. खरा आकडा आणि तुमचा आकडा शेजारी शेजारी लिहा.

तीनपर्यंत कुणी चुकत नाही. चारालाही क्वचितच. पाचाला पहिल्यांदा पाय घसरतो, आणि नऊदहाच्या पुढं तर नुसता अंदाज. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८७१ मध्ये नेमकं हेच करून छापलं होतं. त्यानं काळे दाणे डबीत टाकले आणि हजाराहून जास्त वेळा बघितलं. तीन आणि चार दाण्यांना तो एकदाही चुकला नाही, पाचापासून चुका सुरू झाल्या.

गाडीतही हेच. चार स्टँडिंग असतील तर मान वळवली की कळायचं, बोट दाखवून मोजावं लागत नसे. गाडी भरली की मात्र एक एक बाकडं धरून ओठ हलवत मोजायचं. आपण या दोन्हीला "मोजणं" म्हणतो. कामं दोन आहेत. बघताक्षणी कळणं हे एक, आणि एक, दोन, तीन असं नाव घेत पुढं जाणं हे दुसरं. दुसऱ्याला शब्द लागतात. जनावराकडं पाढे नाहीत. म्हणून "मोजतो का" असा प्रश्न विचारत बसण्यापेक्षा "कमी आणि जास्त यातला फरक कळतो का, आणि कुठपर्यंत" हे तपासायचं. त्याला उत्तर मिळतं.

चवळी तशीच ठेवून आणखी एक बघा. शेजारी शेजारी दोन ढीग, एकात ५ दाणे, दुसऱ्यात १०. क्षणात कळतं. आता एकात २५, दुसऱ्यात ३०. फरक तोच पाचाचा, पण डोळा गोंधळतो. डोळा वजाबाकी करत नाही, एक ढीग दुसऱ्याच्या किती पट आहे ते बघतो. अर्न्स्ट वेबर या जर्मन संशोधकानं एकोणिसाव्या शतकात हाताने वजनं उचलायला लावून हा प्रकार दाखवला होता. बाजारात आपल्याला हे ठाऊकच असतं: एक किलो की दोन किलो हे पिशवी उचलून सांगता येतं, वीस की एकवीस हे नाही. पुढं जनावरांत सगळीकडं हाच कायदा भेटेल.

खंड्याची परीक्षा

लागतं ते एवढं: दोन अगदी सारख्या स्टीलच्या ताटल्या, टीव्हीच्या खोक्याचा एक मोठा पुठ्ठा, एक नाणं, आणि कुत्र्याला आवडतो तो खाऊ. आम्ही उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्याचे नखाएवढे तुकडे घेतो. कांदा, लसूण, चॉकलेट, मनुके अजिबात नकोत, कुत्र्याला बाधतात. माणसं दोन.

नात पुठ्ठ्याआड बसते. नाणं उडवते. छापा आला तर जास्त तुकड्यांची ताटली डावीकडं, काटा आला तर उजवीकडं. मनानं ठरवायचं नाही, माणसाचं मन आलटूनपालटून लावायला जातं आणि कुत्रा ते दोन दिवसांत ओळखतो. ताटल्या एकमेकींपासून हातभर नाही, चांगल्या दीड हातावर. ती पुठ्ठा उचलते आणि त्याच पुठ्ठ्याआड पाठ करून उभी राहते, म्हणजे खंड्याला ती दिसत नाही. मी तिकडं तोंड न करता खंड्याचा पट्टा धरून पाच पावलांवर. मनात पाच म्हणायचं, सोडायचं आणि मगच वळून बघायचं. नाक ज्या ताटलीला पहिल्यांदा लागेल ती त्याची. दुसरी तत्क्षणी उचलायची. ही घाई महत्त्वाची आहे. दोन्ही चाटायला मिळाल्या तर त्याला निवडायची गरजच उरत नाही. आमचे पहिले चार दिवस असेच फुकट गेले.

दिवसाला पाच खेपा पुरे, जेवणाआधी. चार दिवसांत वीस होतात. वीसच का, आणि पास किती गुणांना? नाणं वीसदा उडवून बघा. दहाच्या आसपास छापे पडतील. पंधरा किंवा त्याहून जास्त छापे पडणं शंभर वेळा वीस-वीस नाणी उडवली तर दोनेक वेळाच घडतं. म्हणून वीसपैकी पंधरा ही आमची पासाची रेघ. चौदा आले तर मी हळहळतो, पण पास करत नाही. चेकिंगवाल्यानं कधी मला केलं होतं?

खंड्याचं प्रगतीपुस्तक असं. एक तुकडा विरुद्ध चार: वीसपैकी अठरा. दोन विरुद्ध चार: पंधरा, म्हणजे काठावर. तीन विरुद्ध चार: अकरा, म्हणजे नाणंच. पट कमी झाली तसे गुण घसरले. कुत्र्यांवर २००७ मध्ये छापलेल्या एका अमेरिकन अभ्यासातही कुत्रे जास्त खाऊ निवडतात आणि दोन्हीतली तफावत कमी झाली की डगमगतात, असंच दिसलं होतं. आमचा खंड्या जगाबाहेरचा नाही, याचं मला थोडं दुःख झालं.

आता खरी गंमत. अठरा मिळाले म्हणजे त्याला आकडा कळला का? तिकीट न काढता आत शिरणारे असतात तसे इथं दोन चोरवाटेचे प्रवासी आहेत, ते उतरवल्याशिवाय गाडी पुढं न्यायची नाही.

पहिला, वास. चार तुकड्यांचा वास एकापेक्षा जास्त येणारच. ताटल्यांवर पीठ चाळायच्या चाळण्या पालथ्या घाला, वर फडकं टाका. वास येईल, दिसणार नाही. असेच वीस डाव. खंड्याला यात बारा मिळाले, म्हणजे तो नाकावर चालला नव्हता. तुमच्या कुत्र्याला सतरा मिळाले तर आधीचं सगळं नाकाचं कर्तृत्व समजा.

दुसरा प्रवासी जास्त बेरकी: एकूण माल. चार तुकडे म्हणजे खाऊही जास्त. म्हणून एका ताटलीत दोन मोठे तुकडे, दुसरीत चार छोटे, आणि दोन्हीचं वजन सारखं. आम्ही सोनाराकडं असतो तसला छोटा काटा वापरला. आकडा कळत असेल आणि आकडाच महत्त्वाचा वाटत असेल तर चाराकडं जायला हवं. खंड्या नऊदा चाराकडं गेला, अकरा वेळा दोनाकडं. त्याला पोट भरण्याशी मतलब, तुकडे किती याच्याशी नाही. आणि का असावा? मलाही पगार किती नोटांत मिळतो याच्याशी कधी मतलब नव्हता.

कोंबडी

आमची आई खुडूक कोंबडी नेहमी विषम अंड्यांवर बसवायची, नऊ नाहीतर अकरा. आणि रोजची अंडी काढताना एक मागं ठेवायची, नाहीतर कोंबडी जागा बदलते म्हणायची. यावरून आम्ही धरून चाललो होतो की कोंबडीला आकडा कळतो. मग एका पावसाळ्यात अकरा पिल्लांपैकी दोन मुंगसानं नेली, आणि सकाळी कोंबडी उरलेल्या नवांना घेऊन उकिरडा उकरत होती, काही झालंच नाही असं.

हे घरी तपासता येतं, पण पिल्लू हातात पाच मिनिटांपेक्षा जास्त धरायचं नाही, आणि वर घार फिरत असेल तर मुळीच नाही. पिल्लं दाणे टिपण्यात गुंग असताना एक अलगद उचलून डालग्याखाली ठेवा, जाळीतून दिसेल असं. ते चिवचिवायला लागलं की कोंबडी पिसं फुलवून तुमच्या अंगावर येते. आता दुसऱ्या पिल्लाला ओंजळीत उबेला धरा, ते गप्प राहतं. कोंबडी मान वर करून बघतही नाही. आवाजाचा धागा तुटला की तिच्या लेखी पिल्लू नाहीच. जर्मनीत १९३० च्या सुमाराला हे पिल्लावर घंटेच्या आकाराचं काचेचं झाकण घालून दाखवलं होतं: पिल्लू काचेतून दिसतंय, धडपडतंय, पण ऐकू येत नाही, तर कोंबडी ढिम्म. आड लपवलेलं पिल्लू नुसतं ओरडलं तर धावत येते.

कोंबडी नापास झाली म्हणून पिल्लांना नापास करू नका. इटलीत पादुआ आणि त्रेंतोच्या संशोधकांनी, रोझा रुगानी, लुचिया रेगोलिन आणि जॉर्जो वालोर्तिगारा यांनी, अंड्यातून निघालेल्या पिल्लांना आईऐवजी पाच सारखे गोळे दिले. पिल्लू डोळे उघडल्यावर जे हलतं-डुलतं बघतं त्यालाच आपलं मानतं, तर ही त्या गोळ्यांनाच आपली माणसं समजली. तीनचार दिवसांच्या पिल्लासमोर तीन गोळे एका पडद्याआड आणि दोन दुसऱ्याआड, तेही एक एक करून नेले. सोडल्यावर पिल्लं तिनाच्या पडद्याकडं गेली. मग त्यांच्या डोळ्यांदेखत गोळे एका पडद्याआडून दुसऱ्याआड हलवले. पडद्याआड काय चाललंय ते दिसत नाही, फक्त आलं-गेलं दिसतं. तरी शेवटी जिथं जास्त उरले तिकडं पिल्लं गेली. २००९ चं हे काम. म्हणजे स्टॉपवर किती चढले, किती उतरले याचा हिशेब. तीन दिवसांचं पिल्लू. आम्हाला त्यासाठी डेपोत ट्रेनिंग दिलं होतं.

हा प्रयोग मी घरी करायला सांगणार नाही. आईपासून तोडून पिल्लू गोळ्यांवर वाढवायचं, नंतर त्याचं काय करणार?

अंडी मोजणारा पक्षी मात्र आहे, आणि त्याचा भाऊबंद आपल्याकडच्या तलावांवर दिसतो. काळा, कपाळावर पांढरा टिळा, म्हणून आपण त्याला चांदवा म्हणतो, कुठं कुठं वारकरी. त्याच्या अमेरिकी जातीत माद्या एकमेकींच्या घरट्यात गुपचूप अंडी घालतात. ब्रूस लायन यांनी कॅनडातली घरटी बघून २००३ मध्ये दाखवलं, की परकी अंडी ओळखणारी मादी घरट्यात अंडी भरलेली दिसत असूनही आपली स्वतःची अंडी ठरल्याइतकी होईपर्यंत थांबत नाही. दुसऱ्याची अंडी हिशेबातच धरत नाही. पासवाले वेगळे, तिकीटवाले वेगळे.

गप्पी मासे, सगळ्यात स्वच्छ काम

पोरांबरोबर करायचं असेल तर खरं म्हणजे इथूनच सुरू करा. गप्पी मासे कुठल्याही गावात मिळतात, डासांच्या अळ्या खायला आरोग्य खात्याची माणसं टाक्यांत सोडतात तेच. माशाला तुमच्या तोंडाकडं बघायची हौस नाही, हा मोठा फायदा. आणि एकट्या पडलेल्या माशाला घोळक्यात जायचं असतं, मोठा घोळका असेल तर जास्त बरं, कारण तिथं आपल्यावर झडप पडायची शक्यता कमी. त्यामुळे खाऊ लागत नाही, शिकवावंही लागत नाही.

दोन फूट लांबीची काचपेटी घ्या. दोन्ही टोकांना, पेटीच्या बाहेर काचेला टेकवून, पारदर्शक बरण्या ठेवा. एकीत दोन मासे, दुसरीत चार. सगळ्या माद्या, शक्य तेवढ्या एका मापाच्या. नर शेपट्या नाचवून घोटाळा करतात. पाणी वेगळं असल्यानं वासाचा प्रश्न मिटला. नळाचं पाणी एक दिवस उघडं ठेवून मगच वापरायचं, नाहीतर क्लोरीननं मासे दगावतात. पेटीच्या तळाखाली खडूनं तीन भाग आखा. मधल्या भागात एक मादी सोडा, दहा मिनिटं तिला सावरू द्या. नंतर दहा मिनिटं, दर अर्ध्या मिनिटाला ती कुठल्या भागात आहे ते लिहा. वीस नोंदी होतात. मग बरण्यांची अदलाबदल करून पुन्हा दहा मिनिटं, कारण खिडकीच्या उजेडाकडं जाणारे मासे असतात. अशा निदान आठ-दहा वेगवेगळ्या माद्या घ्या. एकाच मादीला दहादा घेऊन दहा मासे झाले म्हणायचं नाही.

आमच्या दहापैकी नऊ माद्या चाराच्या बरणीकडं जास्त वेळ राहिल्या. तीन विरुद्ध चारला सहा. डासांसाठीच सोडतात तो दुसरा मासा, गॅम्बुशिया, त्यावर पादुआतच २००८ मध्ये काम झालंय. त्या माद्यांना एक-दोन, दोन-तीन, तीन-चार असा एकाचा फरक कळला. त्यापुढं मात्र घोळका दुप्पट असेल तरच कळला, चार-आठ, आठ-सोळा असा. चवळीच्या ताटात तुमचा जिथं पाय घसरला, माशाचाही तिथंच आसपास घसरतो, हे वहीत उतरवताना मी जरा थांबलो होतो.

काम झाल्यावर मासे टाकीत परत. ओढ्यात, नदीत सोडू नका. हा बाहेरून आलेला मासा आहे, स्थानिक माशांची पिल्लं आणि बेडकांची अंडी खातो.

कावळे, आणि मी हात का टेकले

कावळ्याची एक गोष्ट युरोपात दोनशेहून जास्त वर्षं सांगितली जातेय. मचाणावर बंदूकवाला चढला की कावळा लांब झाडावर बसतो, तो उतरेपर्यंत येत नाही. दोघे गेले नि एक बाहेर आला तरी फसत नाही. तिघे, चौघे, तरी नाही. पाच जाऊन चार बाहेर आले तेव्हा मात्र फसतो. सांगायला झकास. पण किती वेळा करून बघितलं, कुठं टिपून ठेवलं, काही पत्ता नाही. कंडक्टर म्हणून मी हे वेबिल, म्हणजे फेरीच्या हिशेबाचा कागद, घेणार नाही.

आम्ही करून बघितलं. चौघे शेजारी, सगळ्यांना सारखे पांढरे बनियन, गुरांच्या गोठ्यात जायचं आणि तिघांनी बाहेर यायचं. अंगणात पोळीचे तुकडे. एकाच्या हातात काठी राहून गेली होती. कावळे दोन दिवस अंगणात फिरकले नाहीत. पितृपक्ष आठवड्यावर आला होता, घरातून मला जे ऐकावं लागलं ते इथं लिहीत नाही.

रानचा कावळा तुमच्या कह्यात नसतो, त्यामुळे त्याची परीक्षा घरी होत नाही, हा माझा निष्कर्ष. ज्यांनी कावळे पाळून, शिकवून बघितलं त्यांना पुष्कळ मिळालं. ओटो कोहलर या जर्मन संशोधकाच्या याकोब नावाच्या पक्ष्यानं, आपल्या डोंबकावळ्याचाच जातभाई तो, खुणेचे ठिपके बघून तितक्याच ठिपक्यांचं झाकण शोधलं होतं. जर्मनीतच ट्युबिंगनला आंद्रेयास नीडर यांच्या प्रयोगशाळेत कावळ्याच्या मेंदूत अशा पेशी सापडल्या, की कुठली दोनाला जास्त जोरानं पेटते, कुठली तिनाला. २०२४ मध्ये तिथल्याच तीन कावळ्यांनी ठरावीक खूण दिसली किंवा आवाज आला की एक ते चार, तितक्या वेळा काव काव करून दाखवलं. आणि पहिल्या "काव"च्या सुरावरूनच पुढं एकूण किती येणार याचा अंदाज बांधता येत होता. म्हणजे तोंड उघडायच्या आधी आकडा ठरलेला. तेव्हापासून आमच्या कौलावर कावळा ओरडला की पाहुणे येणार म्हणून चहा टाकण्याआधी आमची ही विचारते, "किती वेळा ओरडला?"

गल्लीतली रात्र

शेवटची नोंदवही अशी आहे की जिला ताटल्या लागत नाहीत की मासे. फक्त झोप न येणारा म्हातारा लागतो.

टांझानियातल्या सेरेन्गेटीत कॅरन मॅकोंब यांनी सिंहिणींना झुडपाआडून गर्जनांचं रेकॉर्डिंग ऐकवलं. एकदा एकाच परक्या सिंहिणीची गर्जना, एकदा तिघींची. एकीचा आवाज असेल तर कळप सरळ चालून गेला. तिघींचा असेल तर बिचकला, आणि आपण किती आहोत यावर जायचं की नाही ते ठरलं. हे १९९४ चं. चूक झाली तर रक्त सांडतं, म्हणून आकडा कळणं भाग. मोकाट कुत्र्यांचंही असंच आहे हे रोममध्ये फिरत्या टोळ्यांवर लक्ष ठेवून २०११ मध्ये दाखवलंय.

रोम कशाला, आमच्या स्टँडमागं दोन टोळ्या आहेत. एक कॅन्टीनकडची, एक मच्छी मार्केटची. पानाच्या टपरीशी त्यांची हद्द. मी गच्चीत बसतो. वहीला वेबिलसारखे रकाने आखलेत: वेळ, इकडून किती, तिकडून किती, भांडण कुठं झालं, मागं कोण हटलं. नियम दोनच. भुंकणं सुरू व्हायच्या आधी डोकी मोजायची, नंतर नाही, कारण हरलेले पळाले की ते कमी वाटतातच. आणि कोणाच्या हद्दीत झालं ते लिहायचंच, कारण आपल्या दारात कुत्राही वाघ असतो, मग आकड्याचा दोष की जागेचा ते नंतर वेगळं काढता येतं. पाऊस, लग्नाची वरात, फटाके असतील ती रात्र खोडायची.

आतापर्यंत त्रेचाळीस नोंदी झाल्यात. दुपटीचा फरक असलेल्या सतरा होत्या, त्यातल्या पंधरात कमी डोक्यांची टोळी हटली. एकदोनचाच फरक होता अशा सव्वीस. त्यात मला काही धागा लागत नाही, कधी हे हटतात, कधी ते. नात म्हणते अजून नोंदी हव्यात, निदान शंभर. काल रात्री एक वाजून दहा मिनिटांनी कॅन्टीनवाले चार होते, मच्छीवाले पाच. दोन्ही बाजूंनी पुष्कळ आरडाओरडा झाला, मग पहिली मुंबई गाडी स्टँडात शिरली आणि सगळे पांगले. त्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात मी फुली मारून ठेवली आहे.